एकेरी अंतर

घर ते कामाचं ठिकाण. एकेरी.
एवढंच विचारतो आमचा फॉर्म.
जाण्याचे किलोमीटर धरायचे, येण्याचे नाहीत;
संध्याकाळी माणूस आपोआप घरी पोचतो
असं कायद्याचं म्हणणं असावं.
आणि अपुरा किलोमीटर सोडून द्यायचा.
तेवीस पूर्णांक नऊ म्हणजे तेवीस.
सव्वीस वर्षं मी लोकांचे हे नऊ दशांश सोडत आलेय,
कुठेतरी त्यांची रास पडली असेल,
कॉटबुसपासून समुद्रापर्यंत पुरेल एवढी.

डेटलेफ नोआक. काचकारखान्यात, भट्टीवर.
अकरा वर्षं त्याने तेवीस लिहिले.
यंदा एक्केचाळीस.
संगणकाने लाल खूण केली.
घर तेच, भट्टी तीच,
मग मधले अठरा कुठून उगवले?
मी ठरलेलं पत्र धाडलं:
जवळचा रस्ता सोडून लांबचा घेण्याचं
सबळ कारण चार आठवड्यांत कळवावं.

नवव्या दिवशी उत्तर आलं.
चौकटीचा कागद, पेन्सिलीचं अक्षर.

“आदरणीय फ्राऊ हेंचके,
रस्ता काढून नेला.
क्रुश्कोवमधून जायचा तो.
आधी माणसं नेली, मग चर्चची घंटा,
मग झाडं, शेवटी डांबर.
खाली कोळसा होता.
आता मी खड्ड्याला वळसा घालून जातो.
कामाचे दिवस दोनशे सहा, आजारपणाचे नऊ वगळलेत.
आईची कबरही हलवली.
ती आता कारखान्याच्या पुढे सहा किलोमीटर.
शुक्रवारी पाळी सुटली की तिकडे वाट वाकडी करतो.
ते यात धरलेलं नाही. ते खाजगी आहे.
नोआक.”

आमच्या नकाशात क्रुश्कोव अजून आहे.
पिवळी बारीक रेघ, नाकासमोर जाणारी.

शनिवारी मी गाडी काढली.
(माझ्या पेट्रोलला वजावट नाही,
कुणी जा म्हणालं नव्हतं.)
बसथांब्याचा खांब उभा होता, वेळापत्रकासकट.
रस्त्याची पांढरी रेघ कुंपणाखालून सरकून
पलीकडे गेली
आणि पलीकडे हवा होती.
खूप खाली वाळू, पिवळी, राखी, मग काळी,
आणि एक यंत्र
रविवारी जेवून उठलेल्या माणसासारखं
सावकाश चाललेलं.

सोर्बी भाषेत ते नाशपातीचं गाव,
असं कधीतरी कुणी सांगितलं होतं.
कुंपणाच्या अलीकडे एक झाड सुटलं होतं,
दोन हातांनी हद्द चुकली असेल कुणाची तरी.
खाली फळांचा सडा, गांधीलमाश्या.
एक उचललं, पर्समध्ये टाकलं,
मग त्याच्या दारापासून, अंगणात न डोकावता,
मीटर शून्यावर आणून
खड्ड्याच्या कडेकडेने भट्टीपर्यंत गेले.

एक्केचाळीस पूर्णांक सात.
सातशे मीटर त्याने आपणहून सोडले होते.

तिथून पुढे सहा किलोमीटरवर काय आहे
हे पाहायला मी गेले नाही.
ते खाजगी आहे.

सोमवारी फाईल उघडली.
कारणाच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
लिहिलं: लांबचा रस्ता मान्य. जवळचा नाही.
मग ‘नाही’ म्हणजे नामंजूर असं कुणी वाचेल म्हणून
खोडून पुन्हा लिहिलं:
जवळचा रस्ता आता नाही.

सहा किलोमीटर, गुणिले शुक्रवार,
गुणिले तीस सेंट:
हा हिशोब मी कागदाच्या कडेला करून पाहिला.
फार नाही झाले. एका जोडी बुटांचे असतील.
खोडरबराने पुसले.

जेवणाच्या सुट्टीत ती नाशपाती खाल्ली.
कडक होती, पण
संपवली.